खरादावर उतरलेला पेला

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात किंवा शेजारच्या विरुळात एखाद्या जुन्या घराची झडती घेतली, तर खरादावर उतरलेल्या वस्तू सहज डझनभर निघतील. स्वयंपाकघरात लाटणं आणि ताकाची रवी. माजघरात पाळण्याच्या लाल-पिवळ्या दांड्या, बाजेचे पाये, देवापाशी कुंकवाचा करंडा. पोरांच्या खजिन्यात भोवरा. माळ्यावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, चार चाकांच्या पाटावर उभा. अडगळीत चरखा सापडला तर त्याचा आस आणि मूठ. हे सगळं फिरत्या लाकडाला पटाशी लावून घडवलेलं. त्यात पेला मात्र सापडायचा नाही. वाटीही नाही. साग, शिसम, हळदू, तिवस, बिजा अशी एकाहून एक लाकडं असलेला हा मुलूख, ती फिरवून घडवणारे हातही इथं होते. तरी लाकडी भांड्यात पाणी प्यायची चाल पडली नाही. पुढे पडली ती फार उशिरा, आणि तीही तहानेपोटी नाही, साखरेच्या दुखण्यापोटी.

विजेची मोटर येण्याआधीचा खराद म्हणजे जेमतेम चार वस्तूंचा संसार. जमिनीलगत दोन ठोकळे, दोन्हींतून एकमेकांकडे तोंड करून निघालेले लोखंडी खिळे, पटाशी टेकवायला एक आडवी पट्टी आणि हातात दोरी बांधलेली कमान. लाकडाचा तुकडा आधी वाकसानं तासून ओबडधोबड गोल करायचा, दोन खिळ्यांच्या मध्ये अडकवायचा आणि कमानीच्या दोरीचा एक वेढा त्याला द्यायचा. खरादी खाली बसून उजव्या हातानं कमान पुढे-मागे ओढतो. डाव्या हातात पटाशी, आणि ती हलू नये म्हणून पायाचा अंगठा तिच्यावर दाबलेला. कमान एका बाजूला गेली की लाकूड पटाशीच्या अंगावर येतं आणि भुसा उडतो. कमान परतली की ते उलटं फिरतं, तेव्हा पटाशी अंमळ मागे घ्यायची. म्हणजे निम्मी मेहनत वायाच. सुताराचा भोक पाडायचा सामता याच युक्तीवर चालतो. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम करणाऱ्याला कातारी म्हणत. बैठक, कमान आणि अंगठा तिथंही तोच.

पेला का नाही, याचं निम्मं उत्तर या अवजारातच आहे. दोन खिळ्यांमध्ये धरलेल्या लाकडाला बाहेरून हवा तसा घाट देता येतो. लाटण्याचा पोटफुगा, दांडीवरचे मणी, भोवऱ्याची कंबर, सगळं जमतं. पोकळ काही करायचं तर मात्र एक टोक मोकळं लागतं. मग तुकड्याचं एक टोक फिरत्या ठोकळ्यात ठोकून बसवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून आकडीसारख्या वाकड्या हत्यारानं पोखरत जायचं. करंडा, डबी, डमरू इतपत काम असं निभतं. वीतभर रुंदीचा वाडगा फिरवायला हाताच्या कमानीत बळ पुरत नाही. भाकरीचं पीठ मळायची काठवट म्हणूनच खरादावर चढली नाही. ती लाकडाच्या ओंडक्यातून वाकसानं खोदून काढली जाई आणि तिच्या तळावर हत्याराचे घाव आयुष्यभर दिसत.

उरलेलं निम्मं उत्तर सोवळ्या-ओवळ्यात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणती वस्तू कशानं शुद्ध होते याची यादीच आहे. तांबं, कासं, पितळ, लोखंड यांना क्षार, आंबट आणि पाणी, म्हणजे आपली राख आणि चिंच. लाकडाला मात्र तासणं. घरातलं भांडं विटाळलं की दर वेळी वरचा पापुद्रा काढायचा, हे कोणत्या गृहिणीला परवडणार? त्याच यादीत यज्ञाच्या लाकडी भांड्यांना सूट आहे: सोमरसाचे चमस आणि ग्रह नुसते धुतले तरी भागतं. यज्ञाच्या पळ्यांपैकी जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची आणि स्रुवा खैराचा, अशी झाडंही ठरलेली. सहाव्या अध्यायात संन्याशाला जी भांडी चालतात, त्यांत दुध्या भोपळ्याबरोबर लाकडाचंही पात्र आहे. श्वेतांबर जैन साधू-साध्वींची गोचरीची पात्रं आजही खरादावर उतरतात. ज्यानं घर सोडलं त्याला लाकूड चालतं, ज्याचं घर आहे त्याला धातू हवा, असा हा हिशेब.

धातूही लांबून आणावा लागत नव्हता. भंडाऱ्याची पितळी भांडी नागपूर प्रांतभर जात. पाण्याला गडवा, न्हाणीला गुंड, स्वयंपाकाला गंज. पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, जेवण झालं की उकिरड्यावर. रानात जाणाऱ्याच्या खांद्याला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. लाकडी पेल्याला शिरायला फट उरली नव्हती.

महाराष्ट्रात कातकामाचं सगळ्यांत देखणं रूप पाहायचं तर वर्ध्याहून थेट दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीला जावं लागतं. तिथल्या भोसले संस्थानिकांच्या आश्रयानं चितारी मंडळींनी लाखकामाची परंपरा वाढवली. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख विरघळून अंगभर पसरते आणि केवड्याच्या पानानं घासली की तिला आरशासारखी चकाकी येते. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, सीताफळं तिथं होतात आणि दिवाणखान्यात मांडली जातात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला आणि तिच्यासोबतची गंजिफा पत्ते रंगवण्याची कला मोजक्या हातांत उरली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. सत्त्वशीलादेवींचं निधन २०१८ साली झालं, पण राजवाड्याच्या दरबार हॉलमधलं काम थांबलेलं नाही. इतकी तयारी असलेल्या गावीसुद्धा खरादावर फळं उतरली, पेले नाहीत.

विदर्भात खरादाला रोजी मिळाली ती पोळ्यानं आणि कापसानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत नेतात तो तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात; वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्यातल्या मोठमोठ्या नंदींसाठी नावाजलेला. नंदी सुतार कोरतो, त्याची चाकं खरादावरून येतात.

कापसाचा व्याप याहून मोठा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मागोमाग हिंगणघाट, पुलगाव इथं गिरण्या आल्या. सूतगिरणीला बॉबिन लागतात ते शेकड्यांनी नाही, हजारांनी. सुरुवातीला हा माल यंत्रांबरोबर विलायतेहूनच येई. बॉबिनचं लाकूड कसं हवं? एकसारख्या पोताचं, गाठ नसलेलं, फिरताना डगमगणार नाही असं आणि सूत अडकणार नाही इतकं गुळगुळीत होणारं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत हिंदी लाकडांची अशा कामांसाठी पारख सुरू झाली, तेव्हा बॉबिनसाठी हळदूचं नाव पुढे आलं. सातपुड्याच्या उतारावर वाढणारं हे झाड कापलं की आत हळदीसारखं पिवळं निघतं, आणि पटाशीखाली ते लोण्यासारखं सोलत जातं. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव–आर्वी ही लहान गाडी याच कापसासाठी टाकलेली. रोहणा हे तिच्या वाटेवरचं स्टेशन. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं आणि ती त्यांच्या अंगवळणी पडेल इतक्या सावकाश धावत राहिली.

गिरणीतल्या बॉबिनला उत्तर म्हणून चरखा आला, आणि त्याचंही मुख्यालय या जिल्ह्यातच थाटलं गेलं. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचल्या तर हे आव्हान चांगल्या यंत्रज्ञाला घाम फोडणारं होतं: चरखा खेड्यातल्या झोपडीत चालावा, बाईमाणसाला आठ तास फार न थकता चालवता यावा, तेवढ्या वेळात त्यानं सोळा हजार वार सूत द्यावं, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि तो वीस वर्षं टिकावा. गणेश भास्कर काळे यांनी किर्लोस्करवाडीला तयार केलेलं यंत्र परीक्षकांपुढे आलं, पण अटींत बसलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढे भारतानंद हे नाव घेतलेल्या मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यानं धनुष तकली काढली. तिच्यात कमानीनं चात फिरते. खरादी पिढ्यान्‌पिढ्या जी कमान ओढत आला, तीच आता सूत काढायला लागली.

१४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार पाहू लागले आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, साबण, जातं, अशा उद्योगांवर तिथं प्रयोग होत. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली मगन घाणी त्यातलीच. गावच्या सुताराला आणि खराद्याला या काळात काम होतं ते चात, चाक आणि घाणीच्या जोडकामाचं. भांड्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गंमत अशी, की पुढे देशभर उभ्या राहिलेल्या खादी भांडारांच्या फळीवर जी लाकडी वस्तू हमखास दिसू लागली ती म्हणजे बिजाचा पेला.

बिजा, बिवळा, बिबला, असन, विजयसार: एकाच झाडाची ही नावं. विल्यम रॉक्सबर्ग यानं १७९९ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. याच रॉक्सबर्गनं त्याआधी आपल्याकडच्या रोहन या लालबुंद लाकडाच्या झाडाची साल तापावर सिंकोनाच्या जागी चालेल अशी शिफारस केली होती; लाकडात औषध शोधायची त्या काळच्या युरोपी वैद्यांना सवयच होती. बिजाच्या सालीला घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक वाहतो. मलबारी कायनो या नावानं तो विलायती औषधकोशात जाऊन बसला. शेंगा चपट्या, वाटोळ्या, भोवती पंखाची झालर असलेल्या. गाभ्याचं लाकूड सोनेरी तपकिरी, जड आणि टणक. शेतकऱ्यानं त्याचे नांगर केले, दाराच्या चौकटी केल्या, आदिवासींनी मांदर कोरले. ओलं झालं की ते पिवळा डाग सोडतं. सुताराच्या दृष्टीनं हा दोष. पेला करणाऱ्यानं त्याचंच भांडवल केलं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात औषधांच्या गणांची मांडणी आहे, त्यात असनादि गण प्रमेहावर सांगितला आहे. त्या श्लोकांत अनेक वनस्पती एकत्र आहेत. पेल्याचा उल्लेख नाही. पेला म्हणजे काढ्याची आळशी आवृत्ती. रात्री त्यात पाणी भरायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. काही तासांत पाणी चहासारखं होतं. महिना-दीड महिन्यानं रंग उतरेनासा झाला की पेला संपला. मग तो पेनं ठेवायला उपयोगी पडतो.

त्या पाण्याचा ग्लास उन्हात धरला, तर कडेला निळसर झाक दिसते. पाणी तपकिरी, झाक निळी. ही झाक एका फार लांबच्या गोष्टीत नेते.

१५६५ साली सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्यानं नव्या स्पेनमधून, म्हणजे मेक्सिकोतून आलेल्या एका लाकडाबद्दल लिहिलं. त्याच्या चिपा पाण्यात टाकल्या की पाणी निळं होतं आणि ते मूत्रपिंडाच्या विकारांवर देतात. या लाकडाचे पेले युरोपच्या राजेरजवाड्यांपर्यंत पोचले. अथानासियस किर्खर या जेझुइट पंडिताला मेक्सिकोतल्या आपल्या संघबंधूंकडून असा एक पेला मिळाला होता आणि तो त्यानं पुढे सम्राटाला नजर केला. १६४६ च्या आपल्या ग्रंथात त्यानं पाण्याचे बदलते रंग नोंदवले. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलनं जास्त शिस्तीनं पाहिलं: उजेड मागून आला तर पाणी सोनेरी, समोरून पडला तर निळं. आंबट घातलं की निळेपणा जातो, क्षार घातला की परततो. प्रतिदीप्तीच्या, म्हणजे फ्लुओरेसन्सच्या, अगदी पहिल्या काही निरीक्षणांपैकी हे एक. तिला नाव मिळायला जॉर्ज स्टोक्सपर्यंत, १८५२ पर्यंत थांबावं लागलं. नेमकं कोणतं द्रव्य चमकतं हे मेक्सिकोच्या लाकडात तर २००९ मध्ये उलगडलं.

यात एक घोळ होता. मेक्सिकोचं ते झाड म्हणजे मोठं झुडूप; त्यातून पेला निघेल एवढं खोड मिळणं अवघड. विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतीतज्ज्ञानं १९१५ च्या सुमारास हा गुंता सोडवला. चिपा मेक्सिकोच्या, पण पेले फिलिपाइन्सचे. लुझोन बेटाच्या दक्षिणेत नारा या झाडाच्या लाकडाचे पेले होत आणि मनिलाच्या गलबतांतून अकापुल्कोला उतरत. नारा हा बिजाचा सख्खा भाऊ, दोघं एकाच प्रजातीतले. म्हणजे ज्या पेल्यानं किर्खरला कोड्यात टाकलं, त्याच कुळातलं लाकूड सातपुड्यात नांगराला आणि चौकटीला लागत होतं. बॉइलचं निरीक्षण खरं धरलं, तर वर्ध्याच्या काळ्या दगडातल्या विहिरींच्या जड पाण्यात ही निळी झाक जास्त खुलायला हवी.

औषध म्हणून या पेल्याचं वजन किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक केंद्रांवर विजयसारची चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. नव्यानं मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा नजरेत भरतो, पण तिथं मोजून दिलेला अर्क होता आणि रुग्णांवर डॉक्टरांचं लक्ष होतं. पेल्यातून रोज किती उतरतं हे लाकडाच्या वयावर, पेल्याच्या जाडीवर, पाण्यावर आणि पेला किती जुना झाला यावर अवलंबून. त्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाराणसीच्या संशोधकांनी विजयसारमधल्या एका द्रव्यानं उंदरांच्या स्वादुपिंडातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात असा दावा केला होता. इतर प्रयोगशाळांना तो पडताळून पाहता आला नाही. पेला विकणाऱ्यांच्या कागदावर मात्र तो दावा अजून जिवंत आहे. डॉक्टरनं दिलेली गोळी बंद करून पेल्यावर विसंबणं हा या लाकडाचा दोष नाही, पिणाऱ्याचा आहे.

कारागिरीच्या अंगानं पेला चांगला आव्हानाचा. तो लाकडाच्या उभ्या धाग्यांतून काढतात, त्यामुळे खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या पेल्याच्या तळातून आरपार जातात. तळ पातळ ठेवला तर पाणी पाझरतं, म्हणून तो बोटभर जाड ठेवायचा. खोडाच्या मधोमधची मज्जा तुकड्यात राहिली तर तिथून तडा ठरलेला. ती टाळून चिरलेला तुकडाच घ्यायचा. आतून पॉलिश चालत नाही, नाहीतर रंगच उतरणार नाही. बाहेरून लावलं तर हरकत नाही, पण घेणारा मग आतलं लाकूड नखानं कुरतडून पाहतो, आणि त्यानं तसं पाहिलेलंच बरं. हे सारं अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीवरच्या लेथवर होतं. कमानीचा खराद आता प्रदर्शनातच दिसतो.

पेल्यांना मागणी वाढली आणि झाडाची पंचाईत झाली. बिजाच्या शेंगा उगवतात कमी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर बिजा, तिवस, हळदू, खैर, अंजन, मोह, आंबा, चिंच आणि जांभूळ ही झाडं आहेत. ती आपल्या धुऱ्यावर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. जिल्ह्यातलं बोरचं रान १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. हे योग्यच झालं. छंद म्हणून वाडगे-पेले करू पाहणाऱ्याला त्यामुळे रानाकडून नजर काढून शेताकडे वळवावी लागते.

छंद म्हणून हे काम करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट. युरोपात उलट होतं. तिथं राजेच लेथवर बसत. रशियाच्या पीटर द ग्रेटच्या महालात लेथ होते आणि आंद्रेय नार्तोव त्याच्यासाठी ते बांधी. लंडनच्या होल्टझाफेल कंपनीचे लेथ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सरदार-दरकदारांच्या घरी जात. या कलेवरचं पहिलं मोठं पुस्तक १७०१ मध्ये लियोंला छापलं गेलं, आणि ते लिहिणारा शार्ल प्लुमिए हा वनस्पती गोळा करत कॅरिबियन बेटांवर फिरणारा पाद्री होता. देवळाच्या अंगणातल्या खुरचाफ्याचं शास्त्रीय नाव, प्लुमेरिया, त्याच्यावरूनच पडलं. आपल्याकडे हत्यार जातीनं वाटलेलं, त्यामुळे लिहिणारा-वाचणारा माणूस खरादावर बसला नाही. इथल्या खराद्याची कसबी बैठक कुणी पुस्तकात उतरवली नाही हे त्या वाटणीचंच फळ. आता चार जबड्यांचा चक मिळतो. तो तुकडा एका बाजूनंच घट्ट पकडतो, मोटर न थकता फिरवते, आणि कमानीला न पेलणारा वाडगा सुट्टीच्या दिवशी गच्चीवर होऊन जातो.

मग लाकूड कुठलं? सागाचा मोह सगळ्यांनाच पडतो, पण सागात सिलिका असते आणि पटाशीची धार दहा मिनिटांत जाते. शिवाय तो ठिसूळ, पातळ काठ तुटतो. कडुनिंबाचा वाडगा दिसायला सुंदर. त्यात चिवडा ठेवला की तो कडवट लागायची भीती. बाभूळ बंडीच्या चाकाचं लाकूड, चिवट आणि गडद, धीर असलेल्यानं घ्यावं. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरंशुभ्र आणि मऊसर, डबी-बाहुलीला नामी. म्हैसूरकडच्या चन्नपट्टणची खेळणी त्याचीच.

आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा आहे, आणि या भागाला साजेसं लाकूड संत्र्याचंच. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून कलमं आणून ही बाग लावली असं सांगतात. झाड पंचवीस-तीस वर्षांत थकतं, किंवा त्याआधीच डिंक्यानं वाळतं. मग शेतकरी बाग उपटतो आणि लाकूड चुलीत जातं. वास्तविक ते फिकट पिवळं, बारीक पोताचं, कातायला अगदी मनासारखं. खोड जाड नसल्यामुळे वाडगा लहानच निघतो. पेला मात्र चांगला निघतो. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. बुडखा जमिनीलगतचा घेतला, तर पेल्याच्या अंगावर जंबेरी आणि संत्रा जिथं जुळले तो सांधा वेड्यावाकड्या रेषेसारखा फिरलेला दिसतो. त्यावर घाणीचं कच्चं जवसाचं तेल चोळावं. जवस विदर्भाचंच पीक, ते हवेवर सुकून कडक होतं, तर शेंगदाण्याचं तेल तसंच ओलं राहून पुढे खवट होतं. वरून मधमाशीचं मेण.

खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि ओलं लाकूड एका दुपारीत टोकाकडून फुटतं. उन्हाळ्यात उपटलेल्या बुडख्याच्या दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा जुना रंग थापावा, सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवावं आणि पाऊस लागला की खरादावर घ्यावं. श्रावणात पेला जाडसर, बोटभर भिंतीचा उतरवायचा, त्याच्याच भुशात गाडून गोणीत बांधायचा आणि दिवाळी होईपर्यंत हात लावायचा नाही. बाहेर काढला तेव्हा तो गोल राहिलेला नसतो; धाग्याच्या आडव्या दिशेनं आकसून अंड्यासारखा झालेला असतो. मग त्याला पुन्हा चकात धरून शेवटचा हात फिरवायचा.